लग्नपत्रिकेला वेळेत उत्तर देण्याची पद्धत रुजावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न झाले की गोव्यात लग्नसराई सुरू होते आणि घरोघरी पत्रिका येऊ लागतात. या दिवसांत यजमानांना सर्वांत जड जाणाऱ्या एका कामाकडे आपल्या दैनिकामार्फत वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आमंत्रितांपैकी कोण येणार, त्या घरातले किती जण येणार आणि दुपारच्या जेवणाला येणार की संध्याकाळच्या स्वागत समारंभाला, हे वेळेत कळून घेण्याचे ते काम. सभागृह, पुरोहित, दागिने, कपडे यांची सोय धावपळीने आणि पैशाने होते. पाहुण्यांचा आकडा मात्र पाहुण्यांनी सांगितल्यावाचून कळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि तो सांगण्याची सवय आपल्यातील बहुसंख्य घरांना नाही. आमच्या कुटुंबातील आणि शेजारच्या लग्नांत आमंत्रितांची यादी सांभाळण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे येत असल्याने या प्रश्नाच्या बऱ्याच बाजू जवळून पाहिल्या आहेत.

पूर्वी असा आकडा कोणी विचारत नव्हते, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात आणि ते खरे आहे. लग्न घरच्या अंगणात मांडव घालून होई, मागच्या परसात आचारी चुली मांडत, वाड्यावरच्या (वस्तीतल्या) बायका नारळ खवायला आणि भाजी चिरायला येत. पंगती एकामागून एक उठत. तिसऱ्या पंगतीला माणसे जास्त दिसली तर भाताचे आणखी एक तपेले चुलीवर चढे. उरले तर संध्याकाळपर्यंत वाड्यावरच्या घरांत पोचते होई. त्या व्यवस्थेत कमी-जास्त सामावून घेण्याची सोय मुळातच होती. आज लग्न सभागृहात किंवा देवस्थानच्या हॉलमध्ये ठरावीक तासांसाठी होते, स्वयंपाक केटररच्या जागेवर पहाटेच उरकून गाडीने येतो आणि सारा व्यवहार ताटांच्या हमीवर चालतो. बुकिंगच्या वेळी अंदाजे आकडा सांगायचा, लग्नाला काही दिवस उरले की पक्का आकडा द्यायचा. त्यापेक्षा माणसे कमी आली तरी पैसे हमीच्या आकड्याचेच द्यावे लागतात. जास्त आली तर केटररने थोडी वाढीव सोय ठेवलेली असते, पण ती साधारण दहा टक्क्यांच्या पुढे जात नाही. चुलीवर आणखी एक तपेले चढवायला आता तिथे चूलच नसते.

यात किती पैसा जातो ते साध्या हिशेबाने दिसेल. समजा, यजमानांनी 600 ताटांची हमी दिली आणि प्रत्यक्षात 430 माणसे जेवली. ताट 500 रुपयांचे धरले तर न जेवलेल्या 170 ताटांचे 85,000 रुपये होतात. नोकरदार घरात ही रक्कम जमवायला किती महिने लागतात, हे मुलीच्या लग्नासाठी पैसे बाजूला टाकणाऱ्या आईवडिलांना विचारावे. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. अंदाज कमी पडलेल्या एका लग्नात शेवटच्या पंगतीला खतखते संपले होते, पुऱ्या संपल्या होत्या, मणगण्याच्या भांड्याचा तळ दिसत होता. सकाळपासून उभ्याने राबलेले वधूचे मामा आणि काका भात, वरण व सोलकढीवर जेवून उठले. कोणी तक्रार केली नाही. वधूचे वडील मात्र प्रत्येकाच्या ताटाकडे पाहत उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे ओशाळलेपण मला विसरता आलेले नाही. त्यांच्याकडून काहीही चुकले नव्हते. त्यांनी विचारले होते. त्यांना उत्तर मिळाले नव्हते.

विचारले असता मिळणारे उत्तर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. यादीची वही घेऊन फोन करायला बसावे आणि 'मावशी, रविवारच्या लग्नाला घरातली किती माणसे येतील?' असे विचारावे, तर पलीकडून मोठ्या मायेने 'येतले रे, कोण तरी येतलेच' असे ऐकू येते. दुसरे घर 'पळोवया', म्हणजे 'बघूया', म्हणते. तिसऱ्या घरी फोन सुनेने घेतलेला असतो आणि ती 'बाबांना विचारून सांगते' म्हणून फोन ठेवते. वहीत घराच्या नावापुढे तीन रकाने असतात, दुपार, संध्याकाळ आणि बस. संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस घरांना फोन केल्यावर या रकान्यांत आकड्यांपेक्षा प्रश्नचिन्हेच जास्त दिसतात. केटररला दुसऱ्या दिवशी सकाळी पक्का आकडा हवा असतो. मग घरातली मोठी माणसे एकत्र बसतात, प्रत्येक प्रश्नचिन्हापुढे 'तिघे धरा', 'चौघे धरा' असे लिहितात आणि लाखभर रुपयांचा निर्णय अंदाजावर होतो.

असे उत्तर देणाऱ्यांच्या मनात यजमानांविषयी अनादर नसतो, याची मला पूर्ण खात्री आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न सुटण्यासारखा आहे असे वाटते. आपल्याकडे पहिली पत्रिका कुलदेवतेच्या चरणी ठेवली जाते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी अशा आपापल्या देवस्थानी जाऊन नारळ-विडा ठेवल्यावरच पत्रिका इतरांच्या हाती पडतात. अशा पत्रिकेसोबत अक्षता घेऊन कोणी दारात आले की त्याला तोंडावर 'जमणार नाही' म्हणणे अशुभ वाटते, निदान उद्धटपणाचे तरी वाटतेच. या भावनेचा मी आदर करतो. दारात आलेल्याला तिथल्या तिथे उत्तर देऊ नये, हे मलाही पटते. पण त्यानंतर आठ-पंधरा दिवस हाताशी असतात. त्या अवधीत घरातल्या तरुण मुलाने किंवा मुलीने यजमानांच्या घरच्या तरुणाला फोन करून 'आमच्याकडून आई आणि मी दुपारी येऊ, बाबांना प्रवास झेपणार नाही, ते नंतर घरी येऊन वधूवरांना भेटतील' असे सांगितले तर त्यात अशुभ काहीच नाही. लग्नाला जाता आले नाही तर पुढे सवडीने घरी जाऊन अहेर देण्याची रीत आपल्याकडे आहेच.

दुसरे कारण मुहूर्तांचे आहे, आणि गोव्यात ते विशेष जाणवते. चांगले मुहूर्त मोजके, त्यांतले रविवारचे आणखी मोजके. त्यामुळे एकाच दिवशी एकाच घराला तीन-चार लग्नांची बोलावणी असतात. एक डिचोलीत, एक मडगावात, एक काणकोणात. गोवा लहान असला तरी पेडण्याच्या माणसाने काणकोणातील मुहूर्त गाठून दुपारी घरी परतायचे म्हटले तर तो दिवस तिथेच संपतो. म्हणून घरे स्वतःची वाटणी करतात. वडील एका लग्नाला जातात, आई आणि मुलगी दुसऱ्या, मुलगा संध्याकाळी मित्राच्या स्वागत समारंभाला. ही वाटणी बहुतेक वेळा आदल्या रात्री होते. ती चार दिवस आधी करायला काहीच हरकत नसते, कारण मुहूर्त आणि ठिकाणे तेव्हाही ठाऊकच असतात. मुंबईत, आखाती देशांत किंवा युरोपात असलेल्या गोमंतकीयांचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. त्यांना रजा मागायची असते, डिसेंबरात महागणारे विमानाचे तिकीट आधी काढायचे असते, म्हणून त्यांचे उत्तर सर्वांआधी येते. हजारो किलोमीटरांवरचा पुतण्या महिनाभर आधी कळवतो आणि दोन वाडे पलीकडचे घर आदल्या दिवशीही कळवत नाही, हे यादी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असेल.

तिसरे कारण यजमानांच्या बाजूचे आहे आणि त्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या पत्रिका उत्तर मागतच नाहीत. 'सहकुटुंब सहपरिवार व इष्टमित्रांसह उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत' असे छापल्यावर आमंत्रिताने स्वतःची चार माणसे मोजायची की इष्टमित्रही धरायचे? उत्तर कोणाला द्यायचे, हेही कळत नाही, कारण खाली निमंत्रक म्हणून आठ-दहा नावे असली तरी फोन क्रमांक एखाद्याचाच असतो, आणि तो बहुधा वधूच्या किंवा वराच्या वडिलांचा, ज्यांना त्या दिवसांत फोन घ्यायलाही फुरसत नसते. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या बऱ्याच पत्रिकांवर खाली आर. एस. व्ही. पी., म्हणजे 'कृपया उत्तर कळवावे', असे छापलेले असते आणि सोबत दोन्ही घरांचे क्रमांक असतात. संध्याकाळच्या रिसेप्शनच्या टेबलांची मांडणी त्या उत्तरांवर अवलंबून असते, हे आपल्याला माहीत असते, म्हणून आपणही त्या क्रमांकावर फोन करून किती जण येणार ते सांगतो. शेजाऱ्याशी जे आपण सहज करतो, ते सख्ख्या चुलतभावाच्या पत्रिकेला करताना संकोच का वाटावा?

2020 मध्ये महासाथीच्या काळात केंद्रीय गृहमंत्रालयाने लग्नाला 50 पाहुण्यांची मर्यादा घातली होती. त्या काळात झालेल्या लग्नांत प्रत्येक घराने कोण येणार हे नाव घेऊन सांगितले, ज्यांना येता आले नाही त्यांनी घरूनच आशीर्वाद दिले, आणि कोणाचाही मानपान दुखावल्याचे मला आठवत नाही. ती मर्यादा परत यावी असे कोणालाच वाटणार नाही; आपल्या लग्नांना माणसांची गर्दी हवीच, त्यातच त्यांची शोभा आहे. आपल्या लोकांना उत्तर देता येते, एवढे मात्र त्या वर्षाने दाखवून दिले.

आता बहुतेक पत्रिका व्हॉट्सॲपवर येतात, आणि त्यामुळे उत्तरे वाढतील असे सुरुवातीला वाटले होते. तसे झालेले नाही. पत्रिकेचे चित्र कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले की त्याखाली हात जोडल्याची, फुलांची आणि अंगठ्याची चिन्हे जमतात. त्यांतले 'अभिनंदन' कोणते आणि 'येतो' कोणते, हे कळत नाही. काही यजमान ब्रॉडकास्ट यादी करून एकाच वेळी सर्वांना संदेश पाठवतात, परंतु ज्याच्या फोनमध्ये आपला क्रमांक साठवलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मग 'आम्हाला बोलावलेच नाही' असा रुसवा राहतो आणि यजमान 'आम्ही पाठवले होते' म्हणत राहतात. ज्यांना केवळ संदेश आला, फोन आला नाही, त्यांच्या मनात हे बोलावणे मनापासूनचे आहे की रीत म्हणून केलेले, अशी शंका येते आणि ते गप्प राहतात. त्यांना दोष देता येत नाही. माझा अनुभव असा आहे की पत्रिका कशीही पाठवलेली असो, मागाहून एक फोन केलेल्या घराकडून उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

उत्तरांसाठी ऑनलाइन अर्जाची लिंक पाठवण्याचा प्रघातही शहरांत सुरू झाला आहे. तरुण मित्रमंडळींसाठी तो सोयीचा आहे. ज्येष्ठांना मात्र अशी लिंक पाठवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. 2024 च्या अखेरीस लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून, ती उघडणाऱ्याच्या फोनमधील माहिती आणि बँकेतील पैसे लुबाडण्याचे प्रकार देशात घडले आणि पोलिसांना त्याबाबत इशारे द्यावे लागले. ज्या आजीआजोबांना आपण 'अनोळखी काही उघडू नका' असे रोज बजावतो, त्यांनी आपली लिंक तेवढी विश्वासाने उघडावी, ही अपेक्षा बरोबर नाही. त्यांच्यासाठी फोनच योग्य.

वाया जाणाऱ्या अन्नाचा विचारही यात आहे. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणून हात जोडून जेवायला बसणारे आपण, लग्नाच्या संध्याकाळी भाताची घमेली कचऱ्याच्या पिंपात रिकामी होताना पाहतो. साळगावला 2016 पासून ओल्या कचऱ्यातून बायोगॅस व वीज निर्माण करणारा प्रकल्प चालू आहे, ही चांगली गोष्ट आहे. तरी शिजवलेला भात प्रकल्पात पोचणे आणि माणसाच्या पोटात पोचणे यांत फरक आहेच. उरलेले अन्न गरजूंना देण्यासाठी 2019 मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नियमही केले आहेत, पण शिजवलेले अन्न दमट हवेत फार वेळ टिकत नाही. एखाद्या आश्रमाला रात्री दहा वाजता अचानक दोनशे माणसांचे जेवण घेऊन जाणे म्हणजे त्यांच्यापुढे अडचण उभी करणे. किती उरणार याचा अंदाज आधी असेल तरच हे दान नीट होते, आणि तो अंदाज पुन्हा पाहुण्यांच्या उत्तरावरच येऊन थांबतो.

यजमानांना माझ्या काही सूचना आहेत. यादी माणसांची न करता घरांची करावी, आणि ती एकाच व्यक्तीकडे सोपवावी. दोन वह्या झाल्या की दोन्ही चुकतात. ही व्यक्ती घरातली तरुण पण नात्यांची जाण असलेली असावी, म्हणजे कोणाला 'आत्ये' म्हणायचे आणि कोणाला 'वहिनी', हे तिला शिकवावे लागू नये. पत्रिका द्यायला जाताना उत्तर मागू नये. उत्तराची तारीख आणि कोणाला कळवायचे ते सांगून यावे. ही तारीख केटररला आकडा देण्याच्या चार दिवस आधीची ठेवावी, म्हणजे न कळवलेल्या घरांना पुन्हा एकदा फोन करता येतो. फोन करताना 'येणार ना?' असे विचारू नये, कारण त्याला 'हो' याखेरीज उत्तर देता येत नाही. 'दुपारी किती आणि संध्याकाळी किती?' असे विचारले की समोरचे माणूस आपोआप मोजू लागते. स्वागत समारंभात मासळीचे पदार्थ असतील तर शिवराक (शाकाहारी) किती, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. समारंभ सोमवारी असेल तर हा आकडा पार बदलतो. लग्न सावंतवाडी किंवा बेळगावला असून इथून बस न्यायची असेल, तर बसचा रकाना सर्वांत आधी भरून घ्यावा. हॉलमध्ये दहा माणसे जास्त झाली तर कशीबशी सामावतात, बसमध्ये सामावत नाहीत.

पाकिटावर 'फक्त दोघांसाठी' असे लिहिण्याची नवी प्रथा मला पसंत नाही. किती जण येणार ते विचारण्यात आपुलकी आहे. किती जणांनी यावे ते ठरवून देण्यात ती राहत नाही, निदान आपल्या समाजात तरी नाही. ज्यांना खर्च आवरायचा आहे त्यांनी घरांची संख्या कमी करावी, पण ज्या घराला बोलावले त्या घरातल्या कोणाला वगळू नये. त्याचप्रमाणे कोणी 'जमणार नाही' असे कळवले तर ते मनात धरून पुढे त्याच्या घरच्या कार्याला न जाण्याचा हिशेब यजमानांनी ठेवू नये. असा हिशेब ठेवला जातो हे ठाऊक असल्यामुळेच लोक नकार द्यायला कचरतात.

आमंत्रितांना विनंती एवढीच की उत्तर द्यावे, आणि दिलेले उत्तर बदलले तर तेही कळवावे. येतो म्हणून ऐन वेळी आजारपण आले किंवा कोणाचे सुतक आले तर आदल्या रात्रीचा एक संदेशही यजमानांच्या उपयोगी पडतो. चौघांचे सांगून सात जण येणार असतील तर त्याबद्दल कोणी रागावणार नाही, फक्त ते आधी कळायला हवे.

या कामी छापखाने आणि पत्रिका तयार करून देणारे कलाकार सर्वांत मोठी मदत करू शकतील. बहुतेक कुटुंबे पत्रिकेचा मजकूर त्यांच्या नमुन्यांतूनच निवडतात. नमुन्यात जे असते ते छापले जाते, नसते ते कोणाला सुचत नाही. गोव्यातील मराठी पत्रिकांच्या नमुन्यांत निमंत्रकांच्या नावांखाली पुढील मजकूर त्यांनी या लग्नसराईपासूनच घालावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे: 'आपल्या घरून दुपारच्या भोजनास व सायंकाळच्या स्वागत समारंभास किती मंडळी येणार, ते कृपया दि. ……… पर्यंत ……… यांना दूरध्वनीवर कळवावे. येणे न जमल्यास तेही निःसंकोच कळवावे. आपले आशीर्वाद आम्हांस पोचतीलच.'

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा